सुई शेवटी

सोलापूर, ६ जानेवारी

ऋतुजास,

आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते, घे. माझा नंबर ब्लॉक करून तुला दोन वर्षं झाली. आता पोस्टमनला ब्लॉक करून दाखव.

भांडायला लिहीत न्हाय. पायलचं जमलं. मुलाचं नाव सिद्धराम, घर अक्कलकोटकडचं, नोकरी हितंच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. उंचीनं बरा हाय, बोलायला कमी हाय, म्हणजे आपल्या घरात टिकंल. साखरपुडा आठ फेब्रुवारीला, रविवारी, दारातच मांडव घालून करणार. आमच्या ह्यांनी अभिमन्यूभावजींना फोनवर सांगितलंच असंल. भावाभावांचं बरं असतं बघ. वाटणी झाली तरी दोघं तासतासभर ऊस आन मोटार ह्यावर बोलत बसत्यात. अडकलो आपण दोघी जावाच.

तर पोरीची काळजी मिटली, मी जरा मोकळी झाले आन लगेच दुसरं उपटलं. मशिनीचा दोरा तुटला.

तू म्हणशील, त्यात काय. तुला ठाऊक हाय त्यात काय ते. काठ कापून शिवणारी ही ओव्हरलॉक मशीन घरी आणली त्या दिवशी जेवायचंबी सोडून तू तिच्यापुढं मान घालून बसलीस, तिन्ही दोरे ओवलेस, आन मला म्हणलीस, "अक्का, आता हे ओवलेलं कधी काढू नगा. रंग बदलायचा झाला की जुना दोरा वर रिळाच्या कोनापाशी कापायचा, नव्याची गाठ मारायची आन पायडल मारायचं. जुन्याच्या मागनं नवा आपोआप आत जातो." मी तसंच करत आले. पांढऱ्यामागं लाल, लालमागं शाळेच्या ड्रेसचा निळा, निळ्यामागं आणि काय काय. सुईच्या नेढ्यातनं गाठ जात न्हाय म्हणून सुई तेवढी चष्मा लावून ओवते. पण सुईच्या दोऱ्यात दोरा गुंफणारे आतले दोन लूपर मी कधी उघडून बघितले न्हाईत. तशी वेळच आली न्हाय. तू घर सोडून गेलीस तरी तू घातलेल्या दोऱ्यामागनंच माझं काम चाललं होतं. हे मला काल दोरा तुटल्यावर कळलं, त्याआधी मी कधी मनावर घेतलं न्हवतं.

झालं असं, की मी जरीचा दोरा बांधला. पायलच्या घागऱ्यासाठी. जरीची गाठ जाड झाली, खालच्या लूपरमधी अडकली, आन मी आपली पायडल मारतच राहिले. टक् झालं. तेव्हापासनं ओवते, दोन बोटं शिवून होत न्हाईत तोवर तुटतो. पायलनं मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ लावून दिला. त्या बाईची मशीन चार दोऱ्यांची, नखं रंगवलेली, आन बोलती अशी भरभर की मागं कुणी लागलंय. मेकॅनिकला बोलवीन म्हणते, पण तो राहतो लांब.

घागरा बाजारातनं का आणत न्हाय, असं इचारशील. तुझ्यामुळंच आणत न्हाय. पायल सहावीत असताना गॅदरिंगला तू तिला फ्रॉक शिवलास. काठाच्या पिकोत मासे धरायचा तंगूस घातला होतास. पोरगी गोल फिरली की काठ लाटेवानी वर यायचा, अख्खी शाळा बघत होती. तेव्हा तू तिला म्हणलीस, तुझ्या साखरपुड्याचा घागरा मी असाच करीन. पोरगी इसरली न्हाय. म्हणती, घागरा घालीन तर काकूच्या रीतीचा, न्हाईतर साडी नेसून तोंड पाडून बसते. तुझ्याशी फोनवर बोलती ते मला ठाऊक हाय. तिला म्हणलं, काकूला इचार दोरा का तुटतो. तर म्हणली, "तुमचं तुमी बोला. मी तुमचं व्हॉट्सअप न्हाय."

तू ये म्हणून हे पत्र न्हाय. दोरा का तुटतो तेवढं सांग.

सुकन्या


१५ जानेवारी

ऋतुजा,

पार्सल मिळालं. चिठ्ठी मिळाली न्हाय. पिशवीत हात घालून बघितला, पिशवी उलटी करून झटकली, आतला कागदबी सरळ करून दोन्ही बाजूंनी वाचला, तो मागच्या वर्षीचा पेपर निघाला. तंगूसचं एक रीळ तेवढं निघालं.

तंगूस पाठवलास म्हणजे घागरा व्हावा असं तुला वाटतंय. दोऱ्याचं सांगितलं न्हाईस म्हणजे मी अडून बसावी असंबी वाटतंय. दोन्ही एकदम कसं जमवलंस गं?

पण तंगूस बरोबर हाय. मी हितनं आणला होता तो जाड होता. दोरा तुटायच्या आधी एका चिंधीवर घालून बघितलं, तर काठ कोंबड्या झाकायच्या डालग्यावानी ताठ उभा राहिला. पायल म्हणली, आई, हा घालून मी बसू कशी? तू पाठवलेला केसावानी बारीक हाय. तुमच्या तितं धरणावर जाळीवाल्यांकडनं आणला असशील. निवडून आणलास हे बोटाला कळतंय.

काल संक्रांत झाली. तिळगूळ ह्या पाकिटात घालायला गेले तर पोस्टातला माणूस म्हणला, मुंग्या लागतील. म्हणून पायलला म्हणलं, काकूला फोनवर तिळगूळ घे म्हण. ह्या एका कामाला ती तयार झाली. तिनं फोन माझ्यापुढंच लावला आन स्पीकरवर ठेवला. तू म्हणलीस, "अक्काला म्हणावं, गोड खाऊ नगा, शुगर हाय." मी तितंच उभी होते. पण फोन पायलचा होता, मी कशाला बोलू.

एक गोष्ट लिहूनच टाकते, पोटात ठेवली की करपट ढेकर येत्यात. ह्यांचे येडूमामा वाटणी करायला बसले तो दिवस. मामा म्हणले, धरणाकाठची जमीन आन मोटार अभिमन्यूला, हितलं घर आन घरातलं सामान बिभीषणला, म्हणजे आमच्या ह्यांना. सामान म्हणजे त्यांच्या लेखी कपाट, पलंग, भांडी. तू ताटं मांडत होतीस, मी वाढत होते. सामान म्हणल्याबरोबर तू मशिनीकडं बघितलंस. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता तू मागशील. तुला वाटलं असंल आता मी देईन. पुरुषांनी भात कालवला, वरण मागितलं, हात धुतले. तू काय बोलली न्हाईस, मीबी न्हाय. दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसताना तू सासूबाईंच्या फोटोच्या पाया पडलीस, माझ्या पडली न्हाईस.

आपण दोघीबी तोंडाच्या फाटक्या. बाजारात पोतंभर बोलतो. आन त्या दिवशी दोघींच्याबी तोंडाला कुलूप. मला अजून नवल वाटतंय.

दोरा तुटतोच हाय. चोवीस दिवसांवर साखरपुडा आला. कापड आणून ठेवलंय, डाळिंबी रंगाचं. सांगायचं असंल तर सांग, न्हाईतर स्पष्ट लिही की सांगत न्हाय. गड्ड्याच्या जत्रेमुळं पोस्टाला उशीर होतोय म्हणत्यात, म्हणून आजच टाकते.

सुकन्या

शुगर आता आटोक्यात हाय. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.


२३ जानेवारी

ऋतुजा,

कार्ड मिळालं.

दोन वर्षांनी धाकटी जाऊ थोरलीला पत्र लिहिती आन त्यात काय लिहिती? "सुई मोकळी करा. आधी वरचा लूपर, मग खालचा. सुई शेवटी." बास. अक्का न्हाय, नमस्कार न्हाय, खाली नावबी न्हाय. पोस्टमननं वाचलं असणार, मला म्हणला, मावशी, हे काय औषध हाय का? मी म्हणलं, व्हय, दिवसातनं तीनदा.

रागानं कार्ड फ्रीजवर टाकलं आन भाकरी थापायला बसले. दोन भाकरी झाल्या, तिसरी करपली. गॅस बंद केला, हात धुतले आन मशिनीपुढं जाऊन बसले.

सुईतला दोरा काढला. मी इतके दिवस काय करत होते तर सुई ओवलेली तशीच ठेवून खालचा लूपर ओवत होते. सुई एवढी कष्टानं ओवलेली, ती कोण काढतंय. आन तितंच चुकत होतं. सुईचा दोरा आधीच खाली उतरून बसलेला, लूपरचा त्याच्यात गुंतायचा, दोन बोटं पुढं गेलं की टक्. एवढंच. अडीच आठवडे मी मशिनीला शिव्या दिल्या, जरीला दिल्या, तुला तर दिल्याच.

वरचा ओवला. खालचा ओवायला चिमटा लागला, भुवया कोरायचा पायलचा चिमटा घेतला. सुई शेवटी ओवली. चाक हातानं फिरवलं. मग पायडलवर पाय ठेवला, जीव मुठीत धरून. दोन बोटं झाली. वीतभर झालं. हातभर झालं. चिंधी संपली, मी दुसरी लावली, तीबी संपली, तर अंगावरच्या ओढणीचा काठ घातला. तुटला न्हाय.

मी मशिनीवर डोकं टेकून बसले. पायल आली, म्हणली, "आई, रडतीस?" मी म्हणलं, तेल बघतीया. खरं सांगायचं तर रडूच येत होतं, आन लई बरं वाटत होतं. घागऱ्याचं संकट टळलं म्हणून न्हाय नुसतं. कार्डाच्या कोपऱ्याला केळीच्या चिकाचा डाग होता. कामातनं उठून, हातबी न धुता लिहिलंस, असं मला वाटलं. वाटू दे.

आता ऐक, काय काय केलं ते. कळ्या कापल्या त्या आडव्या-उभ्या न्हाय, उरेप कापल्या, तिरप्या, तू फ्रॉकला कापलं होतंस तशा. तिरप्या कापडालाच लाट धरती. कळ्या जोडताना सुईचा ताण सैल सोडला, वरच्या लूपरात जरी घातली, आन शिवून झाल्यावर दोन्ही कळ्या दोन्हीकडं ओढल्या. शिवण उघडून सपाट झाली आन वर जरीची पट्टी उमटली. वेगळी लेस लावावी लागली न्हाय. पायलनं त्याच्यावरनं बोट फिरवलं, आन परत एकदा फिरवलं.

मग काठ. पिकोत तंगूस. एकदा तंगूस सरकून पात्याखाली गेला आन कचकन कापला. शिलाई मशिनीत चुकलं तर उसवता येतं, ही बाई शिवता शिवता कापती, हिच्यापुढं चूक करायची सोय न्हाय. मग तंगूसच्या टोकाला वीतभर शेपूट सोडलं, बोटानं धरून ठेवलं, आन मुंगीच्या चालीनं नेलं. काठ उठलाय. लाट हाय. तुझ्या फ्रॉकएवढी न्हाय, पण हाय.

आन आता शेवटचं. काठाची एक हात जागा मी सोडलीया. तंगूस तितं लोंबतोय, जरी लोंबतीया. ती जागा तुझी. शब्द तू दिला होतास पायलला, मी न्हाय. आली न्हाईस तर पोरगी तशीच उभी राहील, आन अक्कलकोटच्या विहीणबाईंनी इचारलं तर मी सांगेन, आमच्यात अशीच रीत हाय, साखरपुड्याला एक हात काठ उघडा ठेवायचा.

शनिवारी ये. रविवारी पाहुणे येत्यात, रविवारी तुला मशिनीवर बसवलं तर लोक मला नावं ठेवतील.

सुकन्या


३ फेब्रुवारी

ऋतुजा,

कार्ड न्हाय. पार्सल न्हाय. पायलला इचारलं तर म्हणती, मला काय माहीत. हसत म्हणती, म्हणून मला राग येतो.

एक हात काठ मी शिवू शकते. काल मशिनीवर धरलाबी होता. काढून ठेवला.

सुकन्या


११ फेब्रुवारी

ऋतुजा,

सगळं नीट पार पडलं. मांडव उतरला, भाड्याची भांडी गेली, आमचे हे दोन दिवस झोपलेत. घरात एवढं शांत हाय की फ्रीजचा आवाज येतोय. आज पहिल्यांदा पाय पसरून बसले आन तुला लिहायला घेतलं.

तू म्हणशील, मी तितंच होते की, मला काय सांगतीस. पण शनिवारी तू आलीस ती थेट मशिनीपुढं बसलीस, भिंतीकडं तोंड करून. मागं काय चाललं होतं ते तुला दिसलं न्हाय. ते सांगते.

एसटीतनं उतरून तू केळीचा घड दारात ठेवलास, पायात चप्पल तशीच, आन पहिलं काय बोललीस, तर, "मेकॅनिक शिवू मागच्या गल्लीत राहतो की अक्का. लांब कुटं?" माझं तोंड असं झालं असंल. मी म्हणलं, त्यानं घर बदललं. तू म्हणलीस, "आत्ता दारात उभा होता, मला म्हणला, वहिनी लई दिवसांनी." चहा टाकायला आत गेले.

आत गेले ते चहा टाकायला न्हाय. सैपाकघराच्या दारातनं बघत उभी राहिले. तू घागरा मांडीवर घेतलास, माझी शिवण आधी उलटी करून बघितलीस. तू नुसती मान हलवलीस, आन तंगूसचं शेपूट बोटावर गुंडाळलंस. मला जो वीतभर धरून बसावा लागतो तो तू दोन बोटांत धरलास. पायल तुझ्या मागं जमिनीवर बसली होती, घागऱ्याचा सगळा घेर कवेत धरून, काठ कुटं अडकू नये म्हणून. डोळे पुसायला तिला हात मोकळा न्हवता, तिनं गाल घागऱ्याला पुसला. डाग पडला न्हाय, मी नंतर बघितलं.

आन आमचे हे. उंबऱ्यात आले, तुझी पाठ बघितली, आन परत बाहेर जाऊन मांडववाल्यावर ओरडायला लागले की बांबू वाकडा लावलाय म्हणून. बांबू सरळ होता.

तुझा एक हात काठ आन माझा बाकीचा, आता कुणाला वेगळा दाखवता येणार न्हाय. मला येतो. तुझी लाट जास्त दाट हाय. असू दे.

विहीणबाईंचं तू ऐकलंस का? तू पानांची ताटं लावत होतीस. अंगठी घालायच्या आधी पायल पाटावर बसायला वळली, तेव्हा काठ असा गोल उठला आन बसला. विहीणबाई वाकल्या, काठ हातात घेतला, चष्म्यातनं बघितला, आन त्यांच्या बहिणीला कानडीत म्हणल्या, "भाळ छलो अद," म्हणजे लई चांगलं हाय. मग मला मराठीत इचारलं, कुटं शिवला? मी म्हणलं, आमच्या दोघींच्यात शिवला. त्यांना काय कळलं देव जाणे. मला मात्र ते बोलून पोटात गार वाटलं. तो सिद्धराम, एवढा अबोल, तोबी पायलला म्हणला म्हणे, जरा परत फीर की.

संध्याकाळी तू पिशवी भरत होतीस तेव्हा मी म्हणलं, मशीन घेऊन जा. तू म्हणलीस, "एसटीत मला चढवून घेत न्हाईत, मशिनीला कोण घेतंय." हसलीस आन दुसरंच काढलंस. मीबी मग तो विषय ओढला न्हाय. निघताना माझ्या पाया पडलीस, ते मी धरून ठेवलंय.

आता खरी गोष्ट. काल सकाळी एका शाळेचे ड्रेस आले म्हणून मशिनीवरचं फडकं काढलं. बघते तर मशीन उघडी. वरचा दोरा न्हाय, खालचा न्हाय, सुई मोकळी. तिन्ही कोन ओळीनं लावून ठेवलेले, दोऱ्यांची टोकं गुंडाळून आत खोचलेली. तू जाताना सगळं काढून ठेवलंस. तूच मला बजावलं होतंस ना, ओवलेलं कधी काढू नगा म्हणून.

म्हणलं, झालं, हिचा राग गेलाच न्हाय. पाया पडली ती लोकांत, आन आपला दोरा तेवढा मागं घेऊन गेली. अर्धा तास तशीच बसले. ह्यांनी इचारलं, काय झालं, तर म्हणलं, काय न्हाय, जा झोपा.

मग ड्रेस तर शिवायचे होतेच. चष्मा लावला. चिमटा घेतला. वरचा लूपर ओवला, मग खालचा, सुई शेवटी. चाक फिरवलं, पायडल मारलं. पहिल्याच दमात लागला, गं. गाठ न्हाय, तुझ्या दोऱ्याची शेपटी न्हाय, मागं कुणी न्हाय. माझाच. पाच ड्रेस एका बैठकीत केले. आन तिसऱ्या ड्रेसाला माझ्या डोक्यात उजेड पडला, तू रागानं काढलं न्हाईस ते.

आज दुपारी तुझा नंबर लावून बघितला. लागला. दोन रिंगा झाल्या आन मीच ठेवला. फोनवर तू हॅलो म्हणलीस की मी भाजी काय केलीस इचारीन आन ठेवून देईन, म्हणून लिहिते.

दोरा आता तुटला तरी मला ओवता येतो. घागरा झाला, साखरपुडा झाला. लग्न मे महिन्यात हाय, त्याला तू येशीलच, ते धरत न्हाय. तुला बोलवायला माझ्याकडं आता एकबी कारण उरलं न्हाय.

पुढच्या शनिवारी ये.

तुझी अक्का